उखळ पांढरं, धुराडं काळं

ॲमस्टरडॅमला गेलात तर क्लोवेनियर्सबुर्गवाल या कालव्याकाठी २९ नंबरच्या घरासमोर उभे राहा आणि मान पार मागे टाकून छपराकडे बघा. वरची धुराडी उखळी तोफांच्या आकाराची आहेत!

हे ट्रिपेनहाउस. लुई आणि हेंड्रिक ट्रिप या सख्ख्या भावांनी १६६० ते ६२ मध्ये बांधून घेतलं. धंदा स्वीडनच्या लोखंडाचा आणि तोफांचा. युरोपभर लढाया पेटल्या आणि यांचं उखळ पांढरं झालं. यांच्या आईवडिलांची चित्रं खुद्द रेम्ब्रांटने काढलीत, यावरून काय ते समजा.

गंमत म्हणजे आत दोन घरं आहेत. भाऊ शेजारी शेजारी, चुली वेगळ्या. पण कालव्यावरून एकच राजवाडा दिसला पाहिजे ना! म्हणून मधल्या खिडक्या चक्क खोट्या. काचेमागे खोली नाही, दोन घरांमधली भिंत आहे. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की ती भिंत आधी गावाला दिसते. हेंड्रिक बिचारा १६६६ लाच गेला.

आता माझी तक्रार. आमच्या गाइडने हे सगळं दोन मिनिटांत उरकलं आणि समोरच्या २६ नंबरकडे वळला. जेमतेम अडीच मीटर रुंदीचं, चिंचोळं घर. म्हणे ट्रिपांचा गाडीवान एकदा बोलून गेला, "तुमच्या दरवाज्याएवढं रुंद घर मिळालं तरी मी सुखी." मालकाने ते ऐकलं आणि उरलेल्या दगडांतून त्याला हे घर बांधून दिलं. अख्खा ग्रुप विरघळला.

पण ते घर १६९६ चं आहे हो! लुईसुद्धा १६८४ मध्ये वारला होता. मग दिलं कुणी?

लोककथेला तारखा विचारू नयेत, मान्य. पण अशा गोष्टी नेहमी मालकालाच दिलदार का ठरवतात? गाडीवानाच्या पगाराची गोष्ट कुणी रचत नाही. आणि तोफा कुणावर डागल्या गेल्या, ते तर नाहीच. एका अर्थी मला ट्रिपच जास्त प्रामाणिक वाटले. पैसा कुठून आला ते त्यांनी छपरावर मांडून ठेवलं. सारवासारव आपण पर्यटकांनी केली.

पुढे १८८५ पर्यंत रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' हे चित्र ट्रिपेनहाउसमध्येच होतं. आज इथे डच विज्ञान अकादमी आहे.

मी गाइडला धुराड्यांबद्दल विचारलं. "हो, तेही आहे," म्हणाला, आणि आम्हाला चीजच्या दुकानाकडे घेऊन गेला. माझ्या फोनमध्ये त्या चिंचोळ्या घराचे नऊ फोटो आहेत. धुराड्यांचा एक, तोही हललेला.