सीगल बरोबर आहेत, बेटच उपरं आहे

बीबीसी रेडिओवरच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’चा विषय निघाला की एखादा पक्षीवाला हमखास टोकतो. सिग्नेचर ट्यूनमध्ये व्हायोलिनं संथ हेलकावत असतात आणि त्यांच्यावर सीगल ओरडत असतात. हे सीगल म्हणजे हेरिंग गल, उत्तर गोलार्धातले. कार्यक्रम मात्र कुठल्याशा उष्ण, निर्जन बेटाचा. तिथे हे पक्षी आलेच कसे?

बेटापुरता आक्षेप रास्त आहे. पण मग ट्यून तरी त्या बेटाची कुठे आहे?

ही रचना एरिक कोट्सची, १९३० सालची, नाव ‘बाय द स्लीपी लगून’. नाव ऐकलं की डोळ्यांपुढे माड डुलायला लागतात. कोट्सला ती सुचली मात्र इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. वेस्ट ससेक्समधल्या सेल्सी गावात संध्याकाळच्या वेळी समुद्रापलीकडे बोग्नर रेजिसकडे बघताना. ना प्रवाळ, ना माड. आणि त्या किनाऱ्यावर आजही हेरिंग गलच डोक्यावरून ओरडत जातात! म्हणजे पक्षी अगदी आपल्या घरी आहेत, बाहेरून आलं ते बेट.

बेट आलं जानेवारी १९४२मध्ये, ऐन युद्धात. रॉय प्लमली यांची कल्पना अशी, की पाहुण्यानं निर्जन बेटावर अडकल्याचं समजायचं आणि सोबतीला आठ रेकॉर्ड निवडायच्या. त्यासाठी कोट्सची ही तयार रचना घेतली, वर सीगल चढवले, आणि सेल्सीचा समुद्र रातोरात उष्ण कटिबंधात गेला. १९६४मध्ये काही काळ सीगल काढून तिथे उष्ण प्रदेशातल्या पक्ष्यांचे आवाज घालून पाहिले. टिकले नाहीत, सीगल परत आले. माझ्या मते ट्यूनला तिचा किनारा परत मिळाला, भले कुणाच्या मनात तसं काही नसो.

कोट्सबद्दल थोडं बोललंच पाहिजे. हा माणूस मुळात व्हियोला (व्हायोलिनचा थोरला, खर्जातला भाऊ) वाजवणारा, हेन्री वुडच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात प्रमुख व्हियोलावादक होता. वाद्यवृंद त्यानं आत बसून ऐकलेला. पुढे ‘इन टाउन टुनाइट’ला त्याचा ‘नाइट्सब्रिज’ मार्च लागला, ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ला ‘कॉलिंग ऑल वर्कर्स’. एकाच माणसाच्या तीन रचना तीन गाजलेल्या कार्यक्रमांच्या डोक्यावर! तरी गंभीर संगीतवाले अशा संगीताकडे नाक मुरडूनच बघत आले, आपल्याकडे काही खाँसाहेबी मंडळी भावगीताकडे बघतात तसं. मला हे पटत नाही. जी चाल अर्ध्या मिनिटात मंद करून टाकतात, जिच्यावर निवेदक खुशाल बोलायला लागतो, आणि जी ऐंशीहून अधिक वर्षं ऐकूनही विटत नाही, तिची बांधणी कच्ची कशी असेल?

नाव विसरलं जाणं हे तर अशा संगीतकारांच्या पाचवीलाच पुजलेलं. आकाशवाणीची सकाळची धून आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, पण तिचा कर्ता मानला जाणारा, १९३४मध्ये युरोपातून मुंबईत आलेला वॉल्टर कॉफमन किती जणांना आठवतो? कोट्स त्या मानानं नशीबवान. १९५१मध्ये तो स्वतःच या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला.

माझी तक्रार पक्ष्यांबद्दल नाहीच. रेडिओवर आपल्याला या रचनेचा फक्त तोंडावळा दिसतो, ही आहे. पूर्ण रचना जेमतेम चारेक मिनिटांची, निवांत वॉल्ट्झच्या चालीची. कोट्सनं स्वतः संचालन केलेली रेकॉर्ड मिळाली तर तीच ऐका. हॅरी जेम्सची १९४२ची ट्रम्पेटवाली आवृत्ती अमेरिकेत प्रचंड गाजली, पण मला ती जरा जास्तच पाकातली वाटते. शिवाय तिच्यात सीगल नाहीत.