करोडोंचा कॅमेरा आणि व्हॉट्सॲपची विद्या

वणीपासून आर्वीपर्यंत गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. सांगणं असं: आजोबांचा जुना कॅमेरा भंगारात देऊ नका, तो करोडोंचा असू शकतो. जर्मन नाव असेल तर कॅमेरा जर्मनीचा. कॅमेऱ्यावर कोरलेल्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो बनल्याचं साल. भाव ऑनलाइन पाहा. आणि गावातल्या स्टुडिओवाल्याला विचारू नका, त्याला काही कळत नाही, सगळं व्हिडिओत आहे.

भंगारात देऊ नका, एवढं बरोबर. बाकीचं पाहू.

जर्मन नावाचं म्हणाल, तर आपल्याकडे घरोघरी निघतो तो आगफा क्लिक थ्री. नाव जर्मन, पण तो बनवला बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं. 120 नंबरचा फिल्म रोल, बारा चौकोनी फोटो, साधी लेन्स. लायका या नावाजलेल्या जर्मन कॅमेऱ्याचं नाव दिसलं तर अजून जपून. फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव आणि जर्मन फौजेचा गरुड कोरून विकायचा धंदा जुना आहे. लेन्स फिरवून काढा आणि आत पाहा. रेंजफाइंडरच्या, म्हणजे अंतर जुळवून फोकस करायच्या यंत्रणेच्या, दांडीच्या टोकाला लायकात गोल चाक असतं, बहुतेक फेड-झोर्कीत पाचरीसारखा तुकडा. वरचं नाव कोणीही कोरतो, आतली दांडी बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

नंबरावरून साल काढायची युक्ती निकॉन एफ या जपानी कॅमेऱ्यावर साफ आपटते. तो बाजारात आला 1959 मध्ये आणि त्याचे नंबर सुरू झाले 6400001 पासून. मेसेजच्या हिशेबानं पहिलाच कॅमेरा 1964 चा! प्रत्येक कंपनीची नंबरांची रीत वेगळी. त्यामुळे त्या कंपनीच्या, त्या मॉडेलच्या नंबरांची यादीच पाहावी लागते.

करोडोंचा आकडा हवेतून आलेला नाही. 2022 मध्ये जर्मनीत वेट्झलारच्या लिलावात एक लायका 1 कोटी 44 लाख युरोला गेली. पण ती ऑस्कर बार्नाकची स्वतःची होती, म्हणजे ज्यानं लायका घडवली त्याची. ऑनलाइन जो भाव दिसतो तो मागितलेला असतो. मागायला कोणाच्या बापाचं काय जातं? पाहायचाच तर विकल्या गेलेल्या मालाचा भाव पाहा.

आता स्टुडिओवाला. ज्यानं याशिकाचा दोन लेन्सचा कॅमेरा गळ्यात अडकवून लग्नामागून लग्नं काढली, त्याला शटर कुठं अडतं हे आवाजावरून कळतं. मे महिन्याच्या उन्हात लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन आतल्या उघडझाप करणाऱ्या पाकळ्यांवर उतरतं, आणि चामडी केसमध्ये कोंबून आलमारीत ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी धरते. आमच्या हवेतलं हे शहाणपण परदेशी व्हिडिओवाला कुठून सांगणार? उलट, बॅटरीचा कप्पा दिसला की कोणताही बटन सेल टाका, असं सांगणारे व्हिडिओ सापडतात. याशिका मॅट 124 जीच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला 1.3 व्होल्टच्या आसपासचा पाऱ्याचा सेल लागायचा. तो आता मिळत नाही. 1.5 व्होल्टचा अल्कलाइन घातला की मीटर उजेड जास्त दाखवतो, तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक करता आणि महागाचा रोल अंधारा येतो. कोणता सेल हे मूळ पुस्तिकेत छापलेलं आहे, आणि अशा पुस्तिकांचे स्कॅन फुकट मिळतात. त्यातली चार पानं अर्ध्या तासाच्या व्हिडिओपेक्षा कामाची.

मात्र स्टुडिओवाल्या काकांचा शब्द दुरुस्तीपुरता घ्यावा. हीच याशिका दुसऱ्या महायुद्धातली आहे असं ते म्हणाले, तर मान डोलवा आणि पुढं पाठवू नका. त्या कंपनीनं कॅमेरे बनवायला सुरुवातच 1953 मध्ये केली.