नाव द्यावं तर भुईमुगासारखं

'पीनट' या शब्दात दोन तुकडे आहेत. 'पी' म्हणजे वाटाणा, ते बरोबर. हे पीक कडधान्यांच्याच कुळातलं. 'नट' मात्र चूक. झाडावर पिकणाऱ्या अक्रोड-काजूशी त्याचं काही नातं नाही.

आपल्या लोकांनी नेमका बरोबर भाग धरला, मूग, आणि त्याच्या पुढे 'भुई' लावली. ज्यानं कुणी हे नाव दिलं, त्यानं पीक ओणवं होऊन पाहिलं असणार. पिवळं फूल वर, उजेडात येतं. फळ धरलं की फुलाच्या बुडातून आरी निघते, खाली वाकते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग भरते. 'आऱ्या सुटल्या' की शेतकरी कोळपणी बंद करतो, कारण आरी तुटली की शेंग गेली. माती भुसभुशीत लागते ती याचसाठी. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानं १७५३ मध्ये शास्त्रीय नाव दिलं त्यातही 'हायपोजिया' आहे, म्हणजे जमिनीखालचं. तमिळ 'वेर्कडलै' आणि तेलुगू 'वेरुशनग' यांचा अर्थ मुळाचा हरभरा. पण शेंग मुळाला लागतच नाही! आपली भुईच जास्त अचूक.

पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाकडचं. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत त्याला 'त्लालकाकाहुआत्ल' म्हणत, म्हणजे जमिनीतला काकाओ, ज्याच्या बियांपासून चॉकलेट बनतं तो. तिथल्या माणसाला आपला मूग ठाऊक नव्हता, आपल्याला त्याचा काकाओ. तरी दोघांनीही ओळखीचा दाणा घेतला आणि त्याला माती जोडली. हे मला विलक्षण वाटतं.

काही नावांत प्रवास आहे: बंगालीत चिनेबादाम, म्हणजे चीनचा बदाम, आणि तमिळमध्ये मणिलाकोट्टै, म्हणजे फिलिपिन्समधल्या मनिलाची बी. अमेरिकेच्या दक्षिणेत 'गूबर' म्हणतात. तो शब्द आफ्रिकेतल्या कोंगो भागातल्या 'न्गुबा'वरून आला, गुलाम करून नेलेल्या माणसांच्या तोंडून.

विदर्भात फल्ली म्हणा, सोलापुरात शेंगा म्हणा, सगळं आपलंच. मुलांना पीनट बटरही खुशाल द्या. पण ऑगस्टमध्ये ओळखीच्या कुणाचं खरिपाचं रान असेल, तर त्यांना तिथे न्या. शेतकऱ्याला विचारून एखाद्या वेलाजवळची माती बोटांनी हलकेच बाजूला करा आणि आरी दाखवा. मग सांगा, याला भुईमूग का म्हणतात ते.