दोन कोटींची सायकल

उसाच्या रसाचे पैसे घेतले नाहीत म्हणून कुणाला राग येतो का? मला आला. अजून गेलेला नाही.

व्हिएतनामला सायकलवर जायची कल्पना माझी नव्हतीच. "समुद्राकडेनं जायचं रे, सगळं सपाट," असं मला वर्षभर ऐकवणारा मित्र ह्युएला पोचल्यावर पोट धरून हॉटेलात आडवा झाला. मग ह्युए ते दानांग हे शंभरेक किलोमीटर मी एकटा. मधे हाय व्हान घाट, जवळपास पाचशे मीटर उंच. हाय म्हणजे समुद्र, व्हान म्हणजे ढग. समुद्र होता. ढगाचा पत्ता नव्हता. मे महिना, आणि डोंगरापलीकडून येणारा कोरडा, भाजून काढणारा वारा. तिकडे त्याला 'लाओसचा वारा' म्हणतात. आपल्या उकाड्याचं खापर शेजाऱ्यावर फोडायची सोय आपल्याकडे कशी काय कुणाला सुचली नाही! घाटाखालून २००५ पासून सहा किलोमीटरचा बोगदा आहे. आत गारही असेल. सायकलला बंदी.

घाट सुरू व्हायच्या आधी लांग को गावात एक रसाची टपरी दिसली. टांगलेले जाळीचे झोपाळे, गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुलं आणि चरक. चरकाला घुंगरू नव्हते, ते जरा खटकलं. रसात लिंबू-आलं नाही, पिटुकली संत्र्यासारखी आंबट फळं उसाबरोबरच पिळतात. मी झोपाळ्यात कोसळलो.

टपरीवाल्या आजींनी आधी माझा दंड दाबून पाहिला, मग पोट. पोटाशी त्या जरा जास्त रेंगाळल्या. मग वय विचारलं. हा आगाऊपणा नव्हे. तिथे वय कळल्याशिवाय समोरच्याला काय म्हणायचं हेच ठरत नाही, 'तू' आणि 'मी'सुद्धा काका, ताई, बाळ अशा नात्यांतून येतात. मी बोटांनी सत्तेचाळीस सांगितलं. आजी मोबाईलमध्ये बोलल्या, आणि मोबाईल मराठीत म्हणाला, "बाळ, तुझ्याकडे मोटारसायकल नाही?"

आहे म्हटलं. घरी.

"चोरीला गेली?"

नाही. मी हौसेनं सायकल चालवतो. हे वाक्य त्या भाषेत जाऊन काय झालं देव जाणे, आजींनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

मग त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे केला. सायकल केवढ्याची? इथे मी चुकलो. खोटं बोलायला हवं होतं. बायकोला जो आकडा सांगितलाय तो तरी सांगायचा. पण उन्हात माणूस खरं बोलून जातो. पासष्ट हजार रुपये, गुणिले तीनशे. पडद्यावर जवळजवळ दोन कोटी डाँग उमटले. आजींनी शून्यं दोनदा मोजली. मग रस्त्यापलीकडे जी हाक दिली, तिनं टायरवाला, नूडल्सवाली आणि एक झोपलेला ट्रक ड्रायव्हर असे सगळे गोळा झाले. कॅल्क्युलेटर हातोहात फिरला. टायरवाल्यानं सायकल उचलून पाहिली, उलटी केली, इंजिन कुठे दडवलंय ते शोधलं. तेवढ्यात नवी होंडा येते, हे मला चौघांनी वेगवेगळ्या खुणांनी सांगितलं. कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी पाकीट काढलं. रस दहा हजार डाँग, म्हणजे पस्तीसेक रुपये. आजींनी माझा हात मागे सारला. ट्रकवाल्याकडून घेतले, माझ्याकडून नाही. वर दोन केळी दिली. गरीब समजून दिली असती तर मुकाट्यानं घेतली असती. पण मी गरीब नाही हे त्यांना शून्यांसकट कळलं होतं! मला केळी मिळाली ती वेगळ्याच खात्यावर.

तिसऱ्या किलोमीटरला मी उतरून सायकल ढकलत होतो. दोन्ही केळी संपली होती. मागून स्कूटरचा आवाज. आजींचा नातू असावा, टपरीवर बर्फ फोडताना पाहिला होता. त्यानं बसायची खूण केली, आणि माझ्या कॅरिअरला पाय लावून चालत्या स्कूटरवरून मला घाट चढवायला लागला. मी दोनदा 'नको' म्हणालो. तसं हळूच म्हणालो.

स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या ॲपवर तो टप्पा ताशी बावीसच्या वेगानं नोंदलाय. हॉटेलात पडल्या पडल्या मित्रानं पहिली शाबासकी दिली. मी ती नोंद पुसलेली नाही.