चौदा गेजची जाळी

मुक्त गोठा करायचा ठरला, म्हणजे जनावरं दावणीला न बांधता जाळीच्या कुंपणात मोकळी ठेवायची. तेव्हा मला वाटलं, जागा सपाट करणं तेवढं अवघड. जाळी काय, गेलं दुकानात की आणली.

"किती गेजची देऊ?" दुकानदाराने विचारलं. दहा, बारा, चौदा असे पर्याय होते. मी बाणेदारपणे चौदा म्हणालो. जाळी किलोवर विकतात आणि चौदाचा गुंडाळा भलताच कमी भरला. मोठा आकडा, वर पैसे कमी! मला तर दुकानदाराची कीवच आली.

घरी आबांनी तार चिमटीत धरली. "लेका, गेजचा आकडा वाढला की तार रोडावते. दहाची सव्वातीन मिलिमीटर, ही जेमतेम दोन. कोंबड्यांना ठीक आहे. त्याही खुडूक बसलेल्या."

शेजाऱ्यांनी काटेरी तार सुचवली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "खुशाल लावा. कास फाटली की टाके घालायला मी आहेच." मग आहे तीच जाळी लोखंडी अँगलच्या खांबांना बांधली. कोपऱ्याच्या अँगलला तिरका टेकू लागतो म्हणे. तो मी काटकसरीत बसवला. म्हणजे बसवलाच नाही.

राणी आमची पंढरपुरी म्हैस. शिंगं तलवारीसारखी खांद्यामागे गेलेली. वळताना ट्रॉलीसारखा मागचा अंदाज घ्यावा लागतो, तो ती घेत नाही. तिने जाळी हुंगली, पाठ फिरवली आणि डोळे अर्धे मिटून अंग घासायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत जाळीची झोळी झाली. तिसऱ्या दिवशी शिंगाचं टोक तीन इंची भोकात अडकलं. तिने मान उचलली, तशी पाच-सहा फूट जाळीही उठली. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीसारखी ती शांत उभी! बायको पुढे सरकी पेंडीची पाटी धरून, मी मागे पक्कड घेऊन. पाटी रिकामी झाली तरी माझी तार सुटेना.

"अहो, आणखी पेंड आणू की आणखी एक नवरा?"

दुसऱ्या दिवशी दहा गेज घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "तेव्हाच सांगणार होतो साहेब, पण तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात..."

चौदाची जाळी आता कोंबड्यांना लावलीय. कोंबड्या आत असतात. पिल्लं मात्र त्याच तीन इंची भोकांतून निघून सकाळी राणीच्या पायाशी पेंड टिपत असतात.