चरित्र आणि चारित्र्य

लंडनच्या गफ स्क्वेअरमध्ये इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन राहायचा ते घर आहे. समोरच्या चौकात त्याच्या हॉज या मांजराचा पुतळा, पायाशी कालवांचे शिंपले. मांजरासाठी कालवं आणायला जॉन्सन स्वतः जायचा. नोकराला पाठवलं तर तो मुक्या जिवावर राग काढेल, ही धास्ती. त्याचा मित्र जेम्स बॉस्वेलने जॉन्सनच्या 1791 च्या चरित्रात हे लिहिलं. जेवताना जॉन्सनच्या कपाळाच्या शिरा कशा फुगायच्या, घाम कसा यायचा, हेही लिहिलं. भक्ती अपार होती, तरी लिहिलं.

महाराष्ट्रात मात्र एखाद्या थोर माणसाच्या चरित्रात उणं काही आलं की माफी मागा, पुस्तक मागे घ्या, असा गदारोळ उठतो. दिवाळीत फोनवर दादाशी यावरूनच वाजलं. "ज्यांच्यामुळे आपली आजी शाळेत गेली, त्यांची उणीदुणी काढून काय मिळवायचंय?" तो म्हणाला. त्याची कृतज्ञता खरी आहे. पण चरित्र हा शब्द 'चर्' धातूवरून आला. माणूस कसा चालला, कसा वागला, ते चरित्र. व्हिसासाठी मी पोलिसांकडून आणला होता तो चारित्र्याचा दाखला. चरित्रकाराकडेही आपण तोच दाखला मागतो आहोत.

आणि वाईट याचंच वाटतं, की दाखला मागायची ही सवय आपल्याकडे मुळात नव्हती. तेराव्या शतकात, महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यानंतर, म्हाइंभटांनी स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून आठवणी मिळवल्या, स्वामींना पाहिलेल्या माणसांना गाठून विचारलं आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठी गद्याची सुरुवातच या चरित्राने झाली. स्वामी त्यांच्यासाठी साक्षात परमेश्वर. तरी मुक्काम कुठे पडला, ताटात काय होतं, कोणता शिष्य चुकला आणि त्याला काय बोलणी बसली, सगळं त्यात आहे. बॉस्वेलच्या पाचशे वर्षं आधी!

इंग्रजांनाही हे नेहमी पेललं असं नाही. 1824 मध्ये कवी बायरनच्या आठवणींचं हस्तलिखित त्याच्याच मित्रांनी आणि प्रकाशकाने लंडनमध्ये जाळलं, त्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. त्यात काय होतं, ते त्या हस्तलिखितासोबतच गेलं.

फोन ठेवण्याआधी दादाने आप्पांचा विषय काढला. आमटी खारट झाली म्हणून त्यांनी ताट भिरकावलं होतं, आणि रात्री आईचे पाय चेपत बसले होते. "हे पोरांना सांगायला हवं," दादा म्हणाला. मी विचारलं, "ताटाचंही?"

थोडा वेळ थांबून म्हणाला, "ताटाचंही."