बांगडा आणि टेबलफॅन

आज सकाळी माझ्या बांगड्याची मुंडी धडावेगळी झाली, आणि तीही कोयत्याने नव्हे, टेबलफॅनने. बांगडा काचेचा होता, माशाच्या आकाराची ताटली. तीन-तीन मिलिमीटरच्या दोन काचा एकमेकींवर ठेवून, त्यांवर निळ्या काचेचे खवले मांडून मी ती ताटली काल संध्याकाळी भट्टीत लावली होती. भट्टी रात्री ८०० अंशांपर्यंत गेली, काचा वितळून एकजीव झाल्या, पुढे ४८२ अंशांवर तासभर मुरल्या आणि मग हळूहळू निवू लागल्या. सकाळी काटा २३० वर होता. मी दूध आणायला गेलो.

वेंगुर्ल्यात भट्टी म्हटली की काजूची, त्यामुळे शेजारचे आप्पा माझ्या भट्टीकडे पहिल्या दिवसापासून जाणकाराच्या नजरेने पाहतात. ‘शिजला काय रे?’ हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यात कुतूहल कमी आणि तपासणी जास्त असते. मी परतलो तेव्हा भट्टीचे झाकण सताड उघडे होते, समोर आमचाच टेबलफॅन पूर्ण वेगाने फिरत होता आणि आप्पा हातावर हात ठेवून उभे होते.

‘झाकण लावून ठेवलंस तर थंड कशी होतली? वारो लागाक व्हयो.’

मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून बारीक ‘टण्’ असा आवाज आला.

काच बाहेरून आधी निवली आणि आतून गरम राहिली, तर आकसण्याच्या त्या ओढाताणीत ती तडकते, हे मी त्यांना दोन वेळा सांगितले होते. कुकरची वाफ जिरेपर्यंत थांबायला ज्यांना कोणी शिकवावे लागत नाही, त्यांना माझ्या काचेसाठी दुपारपर्यंत थांबणे मात्र आळस वाटते. शिवाय ही काच फुकट येत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू ट्रक भरभरून बाहेर जाते आणि मला रंगीत काच परदेशातून मागवावी लागते, कारण सारख्याच प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या काचा जोडीने वापरल्या नाहीत तर पंख्याशिवायही ताटली फुटते. विजेचे बिल वेगळेच. या महिन्याचे अजून उघडून पाहिलेले नाही.

आप्पांनी मात्र वाकून तडा नीट पाहिला. तो कल्ल्यामागून, कोळीण जिथे कोयती मारते नेमका तिथून, आरपार गेला होता.

‘बरोबर कापलो गेलो,’ ते समाधानाने म्हणाले. ‘पण काच कच्ची तुझी. आमच्या काजूच्या भट्टीत असा कधी झाला नाय.’

ताटली हाताळण्याजोगी निवल्यावर, म्हणजे दुपारी, ते पुन्हा आले आणि मुंडीकडचा तुकडा सुपारी ठेवायला म्हणून घेऊन गेले. जाताना दारातून वळून विचारले, ‘दुसरी कधी करतलंस? जोडी व्हयी.’